भोवत्या कुठला होता

माझे थोरले साडू पाटबंधारे खात्यात डेप्युटी इंजिनिअर होते. सासुरवाडीला त्यांना सगळे 'साहेब' म्हणत, सासूबाईसुद्धा. मी शेवगावच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचो, म्हणून मी 'मास्तर'. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. मोठी त्यांची, धाकटी माझी. मला साहेब आवडत नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाची गल्लत होणार नाही.

आम्हा दोघांनाही पाखरांचा नाद होता आणि त्यामुळंच आमचं जास्त बिघडलं. त्यांना पत्त्यांचा आणि मला भजनाचा नाद असता तर आम्ही सणावारी शेजारी बसून सुखानं जेवलो असतो. माझ्याकडं दुर्बीण नव्हती, पुस्तक नव्हतं. नगरच्या कॉलेजात ओळख काढून लायब्ररीत तीन रविवार बसलो होतो आणि इंग्रजी पुस्तकातली वर्णनं दोनशे पानी वहीत उतरवून घेतली होती. चित्रांवर बटरपेपर ठेवून आकृत्या गिरवल्या होत्या. रोज शाळेच्या आधी सायकलवर माळाला जायचो आणि डोळ्यांना जेवढं दिसेल तेवढं लिहून आणायचो. साहेबांकडं जर्मन दुर्बीण होती, कोरं करकरीत पुस्तक होतं, सरकारी जीप होती आणि बारा बोअरची बंदूक होती. आधी ते बदकं मारायचे. मग कुणा वरिष्ठाच्या संगतीनं नुसती बघायला लागले. बंदूक मात्र जीपमध्ये असायचीच. "मिळाली चार बदकं तर वाईट काय?" असं म्हणायचे.

बहात्तर सालच्या संक्रांतीला आम्ही सगळे नगरला सासऱ्यांकडं जमलो होतो. मी उत्साहानं सांगितलं की गोदावरीच्या पात्रात मला हंस दिसले, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, अकरा होते. साहेबांनी पानाचा विडा गालात सरकवला.

"हंस? मास्तर, अहो कुणाची तरी पाळलेली बदकं असतील. जवळ जाऊन विचारलंत का, तुमचे मालक कोण म्हणून?"

सगळी बैठक हसली. सासरे हसले, मेव्हणा हसला. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनंही तोंडाला पदर लावला. घरी येताना एसटीत मी तिच्याशी एक अक्षर बोललो नाही. ते हंसच होते. मान करड्या रंगाची, चोच पिवळी, मी अर्धा तास वाळूत पोटावर पडून बघितले होते. पण तिथं ते कुणाला सांगणार?

म्हणून पुढल्या जानेवारीत त्यांचा निरोप आला तेव्हा मला आनंद वगैरे काही झाला नाही. बहात्तरचा पाऊस कोरडा गेलेला होता. मुलं डब्यात रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणत होती. साहेबांना आमच्या बाजूच्या एका पाझर तलावावर दुष्काळी कामाची पाहणी करायची होती, रविवारी. 'हिवाळी पाहुणे आले असतील, मास्तरांना घेऊन जाईन', असा निरोप त्यांनी माझ्या मेहुणीच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातून पाठवला. बायको म्हणाली, "जा की. एवढं बोलावतायत."

मी गेलो. एकदा तरी, त्यांच्या दुर्बिणीसकट, त्यांना चूक ठरवायचं होतं. मनात दुसरं काही नव्हतं.

सकाळी साडेसहाला जीप दाराशी आली. कडाक्याची थंडी. पुढच्या सीटवर ड्रायव्हर आणि साहेब. मधे दुर्बिणीची पेटी, थर्मास आणि पुस्तक. "मास्तर, तुम्ही मागं बसा, ऐसपैस," साहेब म्हणाले. मागं बंदूक होती, मोजमापाच्या साखळीचा ढीग होता आणि एक गळका डिझेलचा डबा होता. मी त्या डब्याला पायानं आवरत, तोंडाला मफलर गुंडाळून, सगळ्या रस्त्याची धूळ खात गेलो. पुढं थर्मासमधला चहा ओतल्याचा आवाज आला. वास आला. चहा मागं आला नाही. तलाव जवळ आल्यावर त्यांना आठवण झाली. "अरेच्चा, मास्तर, तुमचा राहिलाच की!" तोवर थर्मास रिकामा होता.

तलाव म्हणायचा म्हणून तलाव. भिंत शाबूत होती, आत पाणी नव्हतं. तळ उकलून फुटलेला, हात जाईल एवढ्या भेगा. पार खोलगट भागात शाळेच्या मैदानाएवढं गढूळ डबकं उरलं होतं. दरवर्षी जिथं जानेवारीत दोन-तीन हजार बदकं असायची, तिथं चार बगळे, टिटव्यांची एक जोडी आणि कावळे. साहेबांनी दुर्बीण डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत फिरवली, पुन्हा फिरवली.

"कुठंयत तुमची बदकं, मास्तर?"

जणू मीच ती उठवून लावली होती. "पाणी तुमच्या खात्याकडं असतं, साहेब," मी म्हणालो. ड्रायव्हर हसला आणि लगेच खोकला.

तळात गाळ काढायचं काम चालू होतं. दोनेकशे माणसं, बाया जास्त. डोक्यावर पाट्या घेऊन रांगेनं भिंतीवर चढायच्या आणि माती टाकून उतरायच्या. रविवार असूनही काम बंद नव्हतं. जीप बघून रांग थबकली. एक बाई पुढं आली, साठीची असेल, पदराचा काठ कमरेला खोचलेला.

"सुकडी आली व्हय, सायेब?"

सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचा सरकारी खाऊ. चार दिवस आला नव्हता, असं तिनं सांगितलं. साहेबांनी मुकादमाला हाक मारली, हजेरीपट बघितला, खोदलेल्या गाळाच्या चौकड्या मोजल्या, सुकडीचं नगरला कळवतो म्हणाले. पंधरा मिनिटांत पाहणी उरकली. मग पुन्हा दुर्बीण गळ्यात घातली.

"आता कशाचं माप घेताय?" बाईनं विचारलं.

"पक्षी बघायला आलोय," साहेब म्हणाले.

बाईनं आधी त्यांच्याकडं, मग माझ्याकडं, मग डबक्यातल्या बगळ्यांकडं बघितलं. "बघा बापा," ती म्हणाली. "आमच्याकडं बघून डोळं दुखत्यात. पाखराकडं बघा." मागच्या बाया हसल्या. ते हसू चांगलं नव्हतं. साहेबांना ते कळलं की नाही कोण जाणे, पण मला कळलं. मी वही पोटाशी धरून डबक्याकडं चालू लागलो.

डबक्याच्या कडेला चिमणीएवढे पाणपक्षी चिखलात चोची मारत धावत होते. टिलवे. त्यांच्या दोन जाती थंडीत आपल्याकडं येतात आणि दोन्ही एकसारख्या करड्या दिसतात. एकीचे पाय काळे, दुसरीचे पिवळट. बाकी फरक शोधायला दुर्बीण लागते.

"काळ्या पायांचे," साहेबांनी निकाल दिला.

"जरा दुर्बीण द्या."

"फोकस बिघडेल, माझ्या डोळ्याला लावलेला आहे. घ्या लिहून, काळ्या पायांचे."

"चिखलात उभे आहेत साहेब. ह्या चिखलात तुम्ही उतरलात तर तुमचेही पाय काळेच दिसतील."

त्यांनी दुर्बीण खाली केली आणि माझ्याकडं बघितलं. "मास्तर, तुम्हाला वाद घालायला आवडतं, की पक्षी बघायला?" मी वहीत लिहिलं, 'टिलवे, बारा, जात ठरली नाही.' त्यांनी आपल्या डायरीत काळ्या पायांचे लिहिलं असणार.

दहा वाजता भिंतीपलीकडच्या पडीक माळावर बाभळीखाली डबे सोडले. मेहुणीनं पुरणाच्या पोळ्या दिल्या होत्या. मी पोळी नुसती हातात धरून बसलो, कारण बाभळीपासून ती माणसं दिसत होती आणि त्यांना आम्ही दिसत होतो. साहेब पाठ करून बसले होते.

तेवढ्यात भोवत्या आला.

भोवत्या हा घारीच्या जवळचा शिकारी पक्षी. लांब पंख, लांब शेपूट, जमिनीपासून हातभर उंचीवरून गवत धुंडाळत डुलत जातो. थंडीत उत्तरेकडून आपल्या माळांवर येतो. त्यातले नर ओळखायला सोपे असतात. मादी आणि कोवळं पिल्लू म्हणजे डोकेदुखी. हा पक्षी तपकिरी होता, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा, म्हणजे मादीच. पण तशा माद्या दोन जातींच्या. एक फिकट भोवत्या. दुसऱ्याला एका इंग्रजाचं नाव आहे, साहेब ते नाव तोंड भरून उच्चारत. फिकटच्या मादीच्या मानेभोवती पांढुरकी कॉलर असते, दुसरीला नसते. बस, एवढाच फरक, आणि तोही पक्षी मान वळवेल तेव्हा.

"फिकट," मी लगेच म्हणालो. उन्हाची तिरीप होती, पक्षी पन्नास पावलांवर होता आणि मला कॉलर दिसली. दिसली असं वाटलं.

साहेबांनी दुर्बीण लावली. बराच वेळ लावली. "नाही. कॉलर नाही. दुसरा आहे."

"मला दिसली."

"उघड्या डोळ्यांनी? मास्तर, हंसही तुम्ही उघड्या डोळ्यांनीच बघितले होते."

वर्षभर मी ते वाक्य पुन्हा यायची वाट बघत होतो. आलं. पोळी बाजूला ठेवली आणि उभा राहिलो. माझा आवाज चढला. दुर्बीण विकत मिळते, डोळे मिळत नाहीत, असं काहीतरी मी बोललो. तेही उठले. मास्तरच्या पगारात पुस्तक येत नाही ह्यात माझा काय दोष, म्हणाले. ड्रायव्हर डबा उचलून जीपच्या पलीकडं जाऊन बसला. पक्षी तोवर लांब गेला आणि वळून पुन्हा आमच्याच बाजूनं यायला लागला.

"हातात आल्याशिवाय हे मिटायचं नाही," मी म्हणालो. "बंदूक आहे ना तुमच्याकडं? का नुसती फिरवायला आणलीत?"

"शिकारी पक्षी मारत नाहीत, मास्तर. तो खायचा पक्षी नाही."

"मग कबूल करा, फिकट आहे म्हणून."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याआड दुसरंही काही होतं. त्यांना तो मारायचा नव्हता. हे मला स्वच्छ दिसलं आणि म्हणूनच मी थांबलो नाही. "राहू द्या," मी म्हणालो. "सासऱ्यांना सांगतो, साहेबांची हिंमत झाली नाही."

साहेब जीपकडं गेले, बंदूक घेऊन आले. पहिला बार वाया गेला. दुसऱ्याला पक्षी हवेत उलटा झाला आणि बोरीच्या झुडपाशी पडला.

मेला नव्हता. पाठीवर पडून, एक पंख मोडून लोंबतोय आणि दोन्ही पंजे वर काढून आमच्याकडं रोखलेले. डोळे पिवळे होते. आवाज करत नव्हता, नुसती चोच उघडी होती. आम्ही तिघं भोवती उभे राहिलो. साहेब ड्रायव्हरला म्हणाले, "ह्याला संपव."

"मी न्हाई," ड्रायव्हर म्हणाला. "आज रईवार हाय साहेब, आन मी माळकरी मानूस."

साहेबांनी बंदूक उघडून रिकामी काडतुसं काढली आणि दुसरीकडं बघायला लागले. मग राहिलो मी. मफलर टाकून मी त्याला धरलं, तरी एक पंजा सुटला आणि नख माझ्या तळहातात अंगठ्याच्या मुळाशी घुसलं. मी छातीवर अंगठे दाबून धरले. वर्गात बेडूक फाडायला शिकवतो त्या माणसाला ते जड जाऊ नये. गेलं. अंदाजापेक्षा फार वेळ लागला.

मग मी ओळख पटवायला बसलो. ह्या दोन जाती हातात घेऊन ओळखायची एक खूण माझ्या वहीत होती. पंखाच्या बाहेरच्या बाजूच्या एका मोठ्या पिसाला खाच असते. ती खाच वरच्या झाकणाऱ्या पिसांखाली लपली तर फिकट. चांगली बोटभर बाहेर आली तर दुसरा. साहेबांच्या छोट्या पुस्तकात ही खूण नव्हती, ती मोठ्या ग्रंथातली होती. मोडका पंख रक्तानं चिकटला होता. मी धड पंख उघडला.

खाच बोटभर बाहेर होती. मान फिरवून बघितली. कॉलर नव्हती.

साहेब माझ्या डोक्यावर उभे होते. "काय?"

"फिकट," मी म्हणालो. "ही खाच बघा. माझ्या वहीत लिहिलंय." वही उघडली नाही, फक्त तिच्यावर हात ठेवला. तो हात रक्तानं भरला होता, काही माझं, काही त्या पक्ष्याचं. साहेब वाकले, खाच बघितली, त्यांना त्यातून काही उमगणार नव्हतं. "असेल," ते म्हणाले. "तुमचा अभ्यास आहे." आणि डायरी काढून त्यांनी लिहून घेतलं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच बरं वाटलं.

बार ऐकून तळातली पाच-सहा माणसं भिंत ओलांडून आली होती. सकाळचीच बाई पुढं होती. ससा असेल, तितर असेल, एखादं तंगडं मिळेल, अशा आशेनं आली असावीत. तिनं जमिनीवरचा पक्षी पायाच्या अंगठ्यानं हलवला.

"घार हाय ही. घार खात्यात का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग मारली कशापायी?"

साहेब जीपकडं चालत म्हणाले, "मास्तरांना विचारा." बाई थोडा वेळ थांबली, मग थुंकली, माझ्या पायांपासून दोन हातांवर, आणि बाकीच्यांना घेऊन परत कामावर गेली. मी हात धुवायला डबक्याकडं गेलो. टिलवे उडून गेले होते.

परतीच्या वाटेवर मी पुन्हा मागं, डिझेलच्या डब्याशेजारी बसलो. तळहात सुजला. बायकोनं रात्री हळद भरली, सकाळी सरकारी दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. काय झालं ते मी तिला अर्धंच सांगितलं. ती म्हणाली, "दोघं घोडे झालात, अक्कल नाही." मी जिंकलो होतो हे तिला सांगायची फार इच्छा होती. ती ऐकून घेईना.

तीन आठवड्यांनी मी नववीला प्रकाशाचं परावर्तन शिकवत होतो. शिपाई सांगत आला की बाहेर जीप आली आहे. व्हरांड्यात साहेब उभे होते, एकटेच, हातात खाकी पाकीट. त्यांनी नमस्कार केला नाही.

मी डबक्यावर गेलो असताना त्यांनी ड्रायव्हरच्या चाकूनं तो धड पंख कापून घेतला होता आणि घरी मीठ लावून वर्तमानपत्रात गुंडाळला होता. मुंबईतल्या ओळखीच्या एका प्राध्यापकांकडं पाठवला होता. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की फिकट भोवत्याची ही ओळख माझ्या साडूंनी पटवली, ते खेड्यात राहून साधनांशिवाय फार बारकाईनं अभ्यास करतात, नोंद त्यांच्या नावानं व्हावी. त्या पत्राची कार्बन प्रत त्यांनी मला दाखवली. मग उत्तर दाखवलं. उत्तर तीन ओळींचं होतं. पंख दुसऱ्या जातीचा आहे, पिसावरच्या खाचेवरून शंका उरत नाही.

"खाच तुम्हीच मला दाखवली होतीत," साहेब म्हणाले. "वहीत काय लिहिलंय?"

वही माझ्या टेबलाच्या खणात, दहा पावलांवर होती.

"बोटभर बाहेर आली तर दुसरा," मी म्हणालो.

"म्हणजे तेव्हा तुम्हाला कळलं होतं."

"हो."

मला वाटलं ते ओरडतील. हेडमास्तरांच्या खोलीची खिडकी उघडी होती, वर्गातली मुलं कान लावून बसली असणार. ते ओरडले असते तर मीही ओरडलो असतो, माझ्याकडं संक्रांतीपासूनचं सगळं तयार होतं. पण त्यांनी दोन्ही कागद नीट घडी घालून पाकिटात ठेवले. "मी तो पक्षी मारला," ते म्हणाले. "वीस वर्षं बंदूक धरतोय, असा कधी मारला नव्हता." आणि पायऱ्या उतरून गेले.

त्यांनी ही गोष्ट सासुरवाडीला सांगितली नाही. मी बरेच दिवस वाट बघत होतो, सांगतील म्हणून. सांगितली असती तर मला त्यांचा राग धरून राहणं सोपं गेलं असतं. ते फक्त माझ्याशी बोलायचे थांबले. लग्नकार्यात पंगत एकच असली तर ते दुसऱ्या टोकाला बसत. दोघी बहिणी एकमेकींकडं जायच्या, आम्हाला घरी ठेवून. बायकोला खरं काय ते मेहुणीकडून कळलं. एका दुपारी ती शांतपणे म्हणाली, "त्यांनी तुमचं नाव पाठवलं होतं हो मुंबईला." त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

लोकांना वाटेल की पुढं मला पश्चात्ताप झाला, मी जाऊन पाय धरले. पक्ष्याचा झाला. अजून होतो, त्या पिवळ्या डोळ्यांचा. बाईच्या थुंकण्याचा झाला, तिचं बरोबरच होतं. साहेबांचा मात्र म्हणावा तसा नाही झाला. त्यांनी मोठेपणा दाखवला हे मला कळतं, आणि नेमकं तेच मला सहन होत नव्हतं. त्या वहीतलं पान मी दुरुस्त केलं. 'फिकट' खोडून दुसरं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'ओळख साडूंची.' ते त्यांना कळवलं नाही. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, तलाव भरला, जानेवारीत बदकंही आली म्हणे. मी गेलो नाही.